दुसऱ्या वर्षीची पार्सली

लग्नानंतरच्या पहिल्या आठ वर्षांत आम्ही सहा घरं बदलली. सगळी न्यू जर्सीतच, सगळी भाड्याची. लीज संपलं की भाडं वाढायचं आणि भाडं वाढलं की आम्ही खोकी बांधायला घ्यायचो. या सहाही घरांत किचनच्या खिडकीत पार्सलीची एक कुंडी होती आणि सहाही घरं सोडताना ती मागेच राहिली, कारण गाद्या चढल्या, कुकर-कढया चढल्या, देव्हारा माझ्या मांडीवर, आणि आता ही ओली मातीची कुंडी कुठे ठेवू असं विचारलं की नवरा नुसता बघायचा, बोलायचा काही नाही. चार डॉलरचं रोप ते. पुढच्या मे मध्ये नवीन आणू. आणि आणायचोच.

त्यामुळे झालं काय, की पार्सली दोन वर्षं जगते हे मला इतकी वर्षं माहितीच नव्हतं. मला वाटायचं कोथिंबिरीसारखंच असणार, उगवली, कापली, संपली. पहिल्या वर्षी पानं आणि दुसऱ्या वर्षी फुलं, असा तिचा स्वतःचा हिशोब असतो आणि मधे एक थंडी खाल्ल्याशिवाय ती फुलोऱ्याचं नावच काढत नाही, हे कळायला आम्हाला सातवं घर घ्यावं लागलं. कर्जाचं, पण आपलं.

तशी माझी आणि पार्सलीची ओळखच चुकून झाली. नवीन नवीन आले होते तेव्हाची गोष्ट. इथल्या सुपरमार्केटात भाज्यांच्या त्या ओल्या शेल्फवर कोथिंबीर, सपाट पार्सली, कुरळी पार्सली, सेलरी अशा सगळ्या शेजारी शेजारी रबरबँड लावून उभ्या असतात आणि दर थोड्या वेळाने वरून बारीक फवारा उडतो, काही दुकानांत तर फवाऱ्याआधी ढग गडगडल्याचा रेकॉर्डेड आवाज पण येतो (मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा खरंच छताकडे बघितलं होतं). घाईत होते, जुडी उचलली, वास घेतला नाही. घरी पाहुणे. पोह्यांवर मस्त पेरली. पाहुण्या काकूंनी दोन घास खाल्ले आणि म्हणाल्या, "इकडची कोथिंबीर वेगळीच असते नाही गं?" मी आपलं हो म्हटलं. आता वाटतं त्यांना पक्कं कळलं होतं.

फरक एकदा डोळ्यांत बसला की मग चुकत नाही. कोथिंबिरीचं पान गोलसर, कडा मऊ, रंगाने पोपटी. पार्सलीचं जरा गडद, टोकदार, वरून तकतकीत. देठ तर अगदीच वेगळा, पार्सलीचा देठ कडकड मोडतो. आणि वास. कोथिंबीर हातात घेतली की घरभर कळतं, पार्सली चुरडल्याशिवाय काही सांगत नाही. चुरडली की मग ओल्या गवताचा, थोडा मिरमिरीत, अगदी मागे कुठेतरी जायफळाचा वास येतो, आणि तो भास नाहीये, जायफळात असतो तो मिरिस्टिसिन नावाचा घटक पार्सलीतही असतो.

आईला फोनवर सांगितलं तर तिने तेव्हापासून नावच ठेवलं, "तुझी ती खोटी कोथिंबीर". मराठीत हिला धड नाव नाही हेही खरंच. नेटवर शोधलं तर "अजमोदा (ओवा)" असं उत्तर मिळतं, म्हणजे एका झाडाला दुसऱ्या दोन झाडांची नावं चिकटवलेली. अजमोदा वेगळा, ओवा वेगळा, पार्सली तिसरीच. सगळी एकाच कुळातली आहेत म्हणून बहुतेक कुणीतरी म्हटलं असेल, चालतंय की.

मी पण बरीच वर्षं तिला कोथिंबिरीच्याच मापाने मोजत होते. आमटीवर घातली, फुकट गेली. पिठल्यावर घातली, आणखीनच फुकट. वड्या करून बघितल्या, त्या वाईट नव्हत्या पण कडवट-हिरव्या, औषधी लागल्या, नवरा म्हणाला "पौष्टिक आहेत" आणि आमच्या घरात या वाक्याचा अर्थ सगळ्यांना माहितीये. एक थालीपीठ तेवढं जमलं. आपल्याला कोथिंबीर शेवटी वरून घालायची सवय, कारण उष्णता लागली की तिचा वास उडून जातो. आणि हिच्याकडून अपेक्षा काय, तर त्याच जागी जाऊन तेच काम कर. पार्सलीचा स्वभाव जवळजवळ उलटा आहे. ती शिजवली तरी टिकते. फ्रेंच लोक तर तिचे देठ थाइम आणि तमालपत्राच्या एका प्रकाराबरोबर दोऱ्याने बांधून तासन् तास सूपमध्ये सोडून ठेवतात. ऑफिसातली एक इराणी मैत्रीण घोर्मे सब्जी करून आणायची, त्यात पार्सली आणि कोथिंबीर दोन्ही, वर लीकसारखी एक पात आणि वाळलेली मेथी, चक्क आपली मेथी, सगळं बारीक चिरून तेलात इतकं परतायचं की हिरवं जाऊन काळपट व्हायला लागतं, मग राजमा, मटण आणि वाळवलेली लिंबं. डबा उघडला की मला अर्धा वास घरचा यायचा आणि अर्धा अजिबात ओळखीचा नसायचा. फारसीत पार्सलीला जाफरी म्हणतात म्हणे. आपली जाफरी म्हणजे वाड्याच्या पडवीतली लाकडी जाळी. असो.

तर सातवं घर. मागे जरा जमीन होती म्हणून यावेळी रोप न आणता बी पेरलं. आणि मग वाट बघितली. मेथी तिसऱ्या दिवशी डोकं वर काढते, धने चोळून पेरले तर आठ-दहा दिवसांत दिसतात. पार्सली? तीन आठवडे, कधी पाच-सहा. मी वाफा दोनदा उकरून बघितला, जे अजिबात करू नये. तिच्या बियांच्या आवरणातच अशी रसायनं असतात जी अंकुर फुटू देत नाहीत, ती पावसाने, पाण्याने धुऊन निघाली की मग बी जागं होतं. म्हणून लोक रात्रभर कोमट पाण्यात भिजत घालतात आणि सकाळी ते पाणी फेकून देतात. जुन्या इंग्लंडात याचं उत्तर वेगळं होतं. पार्सलीचं बी आधी सैतानाकडे जाऊन येतं, आणि एकदा नाही, नऊ वेळा, काही ठिकाणी सात, मग उगवतं. पेरायचं तर गुड फ्रायडेला, त्या दिवशी सैतानाचा जोर चालत नाही. उगवलेली पार्सली उपटून दुसरीकडे लावायची नाही, घरावर संकट येतं. आणि ज्या घरात बाईचं चालतं तिथे पार्सली जोमाने वाढते, अशीही एक म्हण आहे. आमची पाचव्या आठवड्यात आली आणि मग अशी फोफावली की मी ही म्हण नवऱ्याला दोनदा ऐकवली.

उपटून लावू नये, यात तथ्य आहे पण. पार्सलीला गाजरासारखं सरळ खाली जाणारं सोटमूळ असतं, ते दुखावलं की रोप रुसतं. युरोपात एक जात तर मुळासाठीच लावतात, पांढऱ्या गाजरासारखं दिसतं ते, सूपमध्ये घालतात. संकट घरावर नाही येत, रोपावर येतं. पण म्हातारीकोतारी माणसं ज्या शब्दांत सांगतात त्या शब्दांत जास्त लक्षात राहतं हे मान्य करायला हवं.

म्हातारीवरून आठवलं. शेजारी एक लेबनीज आजी राहतात, नातवंडं टेटा म्हणतात म्हणून आम्हीही टेटाच म्हणतो. त्यांनी कुंपणावरून माझा वाफा बघितला आणि विचारलं, याचं करतेस काय? मी म्हटलं, तबूले. आणि खरंच केलंही, मोठ्या उत्साहात बाऊल भरून नेऊन दिलं. आता मी काय केलं होतं ते सांगते. रेसिपीत बल्गर भिजवून घ्या असं होतं. बल्गर म्हणजे दलिया, दलिया म्हणजे आपला लापशी रवा, घरात होताच, भिजवला अर्धा तास. त्यावर टोमॅटो, कांदा, लिंबू, आणि वरून चार चमचे पार्सली, उपम्यावर घालतो तशी. टेटांनी एक चमचा तोंडात घातला आणि कर्र असा आवाज मला कुंपणाच्या अलीकडे ऐकू आला. बल्गर म्हणजे आधी उकडून, वाळवून मग भरडलेला गहू, तो नुसता भिजवला तरी चालतो. लापशी रवा म्हणजे कच्चा गहू. मी त्यांना कच्चे गहू खायला घातले होते.

त्या काही बोलल्या नाहीत, पुढच्या शनिवारी मला बोलावलं. टेबलावर पार्सलीच्या सात जुड्या. पॅटर्सनच्या मेन स्ट्रीटवरून आणलेल्या, तिथे सीरियन, लेबनीज, पॅलेस्टिनी, तुर्की दुकानांची रांगच्या रांग आहे आणि पार्सली आपल्याकडे मंडईत मेथी रचतात तशी रचलेली असते. सात जुड्यांना बल्गर किती? एक मूठ. तोही पाण्यात नाही, लिंबाच्या आणि टोमॅटोच्या रसात भिजवलेला, अगदी बारीक. म्हणजे हा गव्हाचा पदार्थ नाहीच, ही पार्सलीची कोशिंबीर आहे आणि गहू तिथे आपल्या कोशिंबिरीतल्या दाण्याच्या कुटाएवढाच. पार्सली आदल्या रात्री धुऊन टॉवेलवर पसरलेली, पूर्ण कोरडी, कारण ओली चिरली की चिखल होतो. मग जुडी एका हातात अशी घट्ट गोळा करायची आणि धारदार सुरीने कडेकडेने एकदाच चिरत जायचं. एकदाच. मी सवयीने चिरलेल्या ढिगावर परत सुरी चालवायला गेले, तर मनगटावर चापट बसली. परत परत चिरलं की पानं काळी पडतात आणि रस पाटावर राहतो. सगळं कालवून झाल्यावर रोमेन लेट्यूसच्या पानात घेऊन खाल्लं. आंबट, थंड, पुदिना जेमतेम, आणि पार्सली पहिल्यांदाच सजावट म्हणून नाही तर मुख्य म्हणून. अरेच्चा, ही अशी आहे होय, असं झालं मला. इतकी वर्षं चिमटीचिमटीने खात होते.

त्या तिला बकदूनिस म्हणतात. तुर्कीत मायदानोझ. दोन्ही शब्द फिरत फिरत मॅसिडोनियाच्या नावापर्यंत जातात, आणि पार्सली हा शब्द ग्रीक पेट्रोसेलिनॉनवरून, म्हणजे दगडांतली सेलरी. भूमध्य समुद्राच्या काठची ही बाई, प्रत्येकाने तिला शेजारच्या गावचं नाव दिलंय. आपण नेहमीच्या चण्यापेक्षा मोठ्या चण्याला काबुली म्हणतो तसं.

त्या वर्षी ऑक्टोबरात मी वाफा साफ करायचा विसरले. विसरले म्हणजे, कुठे जायचंच नव्हतं. थंडीत सगळी पानं जमिनीला चिकटली, त्यावर दोनदा बर्फ पडला, मी धरून चालले की गेली. मार्चच्या शेवटी बघते तर मधोमध मुठीएवढा हिरवागार गड्डा. आणि मे मध्ये आईबाबा आले तोपर्यंत तिला दांडा फुटला होता, कमरेएवढा, उभ्या रेघांचा, पानं बारीक आणि कडू झालेली. इथल्या सगळ्या बागकामवाल्यांचं म्हणणं की आता उपटून टाका, हिचा उपयोग संपला. मी म्हटलं राहू दे, बघू तरी काय करते.

जूनमध्ये फुलली. हिरवट पिवळी, एकेक फूल मोहरीच्या दाण्याएवढं, पण मांडणी बघण्यासारखी. दांड्याच्या एकाच टोकातून दहा-पंधरा काड्या छत्रीसारख्या फाकलेल्या आणि प्रत्येक काडीच्या टोकाला परत एक छोटी छत्री. आई चहाचा कप घेऊन तिथे उभी राहिली, मग कप खाली ठेवला, एक छत्री बोटांत धरली आणि म्हणाली, "अगं, हा तर शेपूचा फुलोरा आहे." मग थोड्या वेळाने, "धन्याचा पण असाच की. बडीशेपेचा पण." आईने वनस्पतीशास्त्राचं पुस्तक कधी उघडलेलं नाही, पण परसात हे सगळं फुलू दिलेलं आहे, बी धरण्यासाठी. ज्याला पुस्तकात एपिएसी म्हणतात ते कूळ तिने अर्ध्या मिनिटात ओळखलं. मग आम्ही दोघी मसाल्याचा डबा समोर ठेवून मोजत बसलो: जिरे, धने, ओवा, बडीशेप, शहाजिरे, आणि वर हिंग. हिंग पण त्याच कुळातला, मुळाचा चीक. डब्यात मोहरी, हळद आणि तिखट सोडलं तर सगळे हिचे चुलतभाऊ. फ्रिजमध्ये गाजर. आणि यातलं आपण ज्याला बी म्हणतो ते सगळं खरं म्हणजे फळ आहे, दोन फाका पाठीला पाठ लावून चिकटलेल्या, वाळल्या की सुटतात. त्या दिवसापासून आईने "खोटी कोथिंबीर" म्हणणं बंद केलं. आता ती "ती शेपूची बहीण" म्हणते. प्रगती आहे.

कूळ मोठं आहे आणि सगळे नातेवाईक सज्जन नाहीत. सॉक्रेटिसला पाजलं ते हेमलॉक याच घरातलं. युरोपात सपाट पार्सलीसारखंच दिसणारं एक विषारी तण वाफ्यात उगवतं, इंग्रजीत त्याला मूर्खाची पार्सली म्हणतात, आणि कुरळी पार्सली लावली तर ही चूक होत नाही हा तिचा एक जुना फायदा. हॉटेलात प्लेटच्या कोपऱ्यात ठेवतात ती कुरळी. मला स्वतःला ती आवडत नाही, जिभेला खरखरीत लागते, चवही कमी.

जुलैत एक दिवस बाबांनी हाक मारली. पार्सलीच्या एका फांदीवर पानच नव्हतं, नुसत्या काड्या, आणि काडीवर हिरवा जाडजूड सुरवंट, अंगावर काळे पट्टे आणि पट्ट्यांत पिवळे ठिपके. एक नाही, सात. मी चिमटा आणायला आत पळाले आणि आई म्हणाली थांब. पुण्यात गच्चीतल्या कढीपत्त्यावर ती दरवर्षी असेच सुरवंट बघते, लहान असताना पक्ष्याच्या विष्ठेसारखे दिसतात आणि मोठे झाले की हिरवे. "बोट लाव," म्हणाली. लावलं. तर डोक्यामागून नारिंगी रंगाची दोन शिंगं सटकन बाहेर आली आणि असा वास सुटला की मी दोन पावलं मागे. आईला हे शिंगांचं माहीत होतं, कढीपत्त्यावरचे पण हेच करतात. हा ब्लॅक स्वॅलोटेल, न्यू जर्सीचं राज्य-फुलपाखरू, आणि कढीपत्त्यावरचं ते त्याच्याच वंशातलं. पार्सलीतली जी रसायनं बाकीच्या किड्यांना मारतात ती हा पचवून टाकतो, म्हणून त्याला इथे ताटात वाटेकरी कमी. अर्धं झाड त्यांना दिलं. बाबांनी रोज सकाळी पेपरच्या आधी सुरवंट मोजायला सुरुवात केली. पाचच उरले, मग तीन, मग एक कोष गराजच्या भिंतीवर सापडला, भिंतीला रेशमाच्या एका धाग्याने कंबर बांधून टेकल्यासारखा. तो फुटला त्या दिवशी आम्ही सगळे कॉस्टकोत होतो.

बाबांना पार्सली बघायलाच मिळाली म्हणायची, खायला नाही. व्हॉल्व्हच्या ऑपरेशनपासून ते वॉर्फरिनवर आहेत. १०० ग्रॅम पार्सलीत १६०० मायक्रोग्रॅमच्या वर व्हिटॅमिन के असतं आणि माणसाला दिवसाला लागतं साधारण १०० च्या आसपास. रक्त पातळ ठेवायच्या त्या गोळीचा आणि के चा छत्तीसचा आकडा. डॉक्टरांचं म्हणणं, बंद करू नका, पण रोज जेवढं खाता तेवढंच खा, एक दिवस बाऊलभर आणि मग आठवडाभर काही नाही असं नको. पोह्यांवर चिमूटभर, ठीक. टेटांचं तबूले, नाही. टेटांना हे समजावणं हा एक वेगळाच कार्यक्रम झाला, त्यांच्या मते जी भाजी त्यांच्या वडिलांनी नव्वदीपर्यंत खाल्ली ती कुणाला बाधेलच कशी. शेवटी बाबांनी त्यांच्यासमोर तीन पानं मोजून खाल्ली.

एक गोष्ट मात्र मला त्याच उन्हाळ्यात कळली आणि तेव्हापासून पार्सली चिरताना अधूनमधून आठवते. इथे डॉमिनिकन लोक खूप, त्यांच्या दुकानात तिला पेरेहिल म्हणतात, मधला र जिभेचं टोक टाळूला आपटून आणि पुढचा ह घशातून. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये हुकूमशहा त्रुहियोच्या हुकमावरून डॉमिनिकन सैनिकांनी सीमेलगतच्या हैतियन लोकांची कत्तल केली, हजारो माणसं. असं सांगतात की सैनिक पार्सलीची काडी समोर धरायचे आणि विचारायचे, हे काय आहे? हैतियन माणसाच्या भाषेत तो र येत नाही, त्याच्या तोंडून शब्द वेगळा निघायचा. हे सगळीकडे झालं का कुठे कुठे, यावर इतिहासकारांत वाद आहे, कत्तलीवर नाही. कत्तलीला नाव मात्र पार्सलीचंच पडलं. माझा मुलगा "बाळ"ला "बाल" म्हणतो, इथेच वाढलाय, आम्ही हसतो, सुधारतो, व्हिडिओ काढून पुण्याला पाठवतो. त्या दिवशी नाही काढला.

ऑगस्टअखेर छत्र्या करड्या झाल्या. आईने कागदी पिशवी लावून बी झाडून घेतलं, ओव्यासारखं, जरा लांबट, तळहातावर चोळलं आणि नाकाला लावून म्हणाली, ओवा आणि सेलरीच्या मधलं काहीतरी. जेवणात घालते का असं वाटलं, पण नाही, हे बी आणि त्याचं तेल खाण्याची गोष्ट नाही, त्यातला एपिऑल नावाचा घटक जास्त झाला तर विषारी, पूर्वी बायका त्याने गर्भ पाडायच्या आणि त्यात जिवाला मुकायच्या. पिशवीवर आईने मराठीत "पार्सली, पेरायची" असं लिहून गराजच्या फळीवर ठेवलं. ते दोघं ऑक्टोबरात परत गेले. झाड तोवर वाळून काठी झालं होतं, मी उपटलं, मूळ वीतभर, दुभंगलेलं, आतून लाकूड.

यंदा एप्रिलच्या पहिल्या रविवारी त्याच पिशवीतलं बी रात्रभर भिजवून पेरलंय. आज तेविसावा दिवस. आई रोज विचारते, मी रोज वाफ्याचा फोटो पाठवते, नुसती माती. काल तिने लिहिलं, कितवी फेरी? मी लिहिलं, सहावी असावी. उकरून बघू नकोस, म्हणाली.

बघितलं मी. एका दाण्याला पांढरं टोक आलंय, परत झाकलं.